लेखनविद्येसाठीं स्थलांतर

एका कॉलेजांतून नांव काढून दुसऱ्या कॉलेजांत घालणें ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि थोड्याशा संशयानेंच पाहिली जाते. मुलगा नापास झाला असावा, प्राध्यापकांशीं त्याचें बिनसलें असावें, निदान वसतिगृहांतील जेवण तरी मानवलें नसावें, असे तर्क शेजारींपाजारीं तत्काळ सुरू होतात. 'त्याला चांगलें लिहावयास शिकावयाचें आहे, म्हणून तो जात आहे,' असें कोणी सांगितलें, तर ऐकणारा मान डोलावील आणि खरें कारण दुसरीकडे शोधूं लागेल. वैद्यकासाठीं किंवा यंत्रविद्येसाठीं गांव सोडलेलें आपण समजूं शकतों; गोष्टी लिहितां याव्या म्हणून कोणी कॉलेज बदलावें, ही कल्पना आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं.

अमेरिकेंत ती पडली आहे, आणि तेथील शिक्षणपद्धति तिला अनुकूलहि आहे. तेथें पदवीचा अभ्यास श्रेयांकांनीं मोजतात. चार वर्षांच्या पदवीस साधारणतः १२० श्रेयांक लागतात. एका संस्थेंत मिळविलेले श्रेयांक गांठीं बांधून विद्यार्थी दुसऱ्या संस्थेच्या दाराशीं जाऊं शकतो, मात्र त्यांपैकीं किती मोजून घ्यावयाचे हें त्या दुसऱ्या संस्थेच्या हातीं असतें. (आपल्याकडेहि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ सालीं श्रेयांकांच्या पेढीचे नियम केले, परंतु त्या पेढींत कथालेखनाचे श्रेयांक जमा करण्याची वेळ आमच्या एकाहि विद्यार्थ्यावर अद्याप आलेली नाहीं.) शिवाय लेखन हा तेथें पदवीचा विषय आहे. आयोवा विद्यापीठानें १९२२ सालीं कविता, कथा इत्यादि स्वतंत्र लेखन पदव्युत्तर पदवीसाठीं प्रबंधाच्या जागीं स्वीकारण्याचें ठरविलें. १९३६ सालीं तेथें लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली, आणि पुढें तिचें अनुकरण देशभर झालें. आपले दिलीप चित्रे १९७५ सालीं आयोवाला गेले ते या कार्यशाळेंत नव्हे, तर १९६७ सालीं निघालेल्या एका निराळ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमांत. तेथें देशोदेशींच्या लेखकांना पाहुणे म्हणून बोलावतात, विद्यार्थी म्हणून नव्हे. या दोहोंची गल्लत आपल्याकडे होते म्हणून येथें सांगून ठेवलें.

तेव्हां आपल्या घरांतून जीं मुलें तिकडे शिकावयास जातात, त्यांच्यापैकीं एकाद्याचें वर्षा-दोन वर्षांनीं घरीं कळविणें येतें कीं, येथील लेखनाचें खातें कमजोर आहे, दुसऱ्या कॉलेजांत जावें म्हणतों. असे पालक आम्हांस सल्ला विचारतात. कोणत्या खात्याचा क्रमांक कितवा, कोणत्या खात्यांतून किती नामांकित लेखक बाहेर पडले, याचीं कोष्टकें त्यांनीं आधींच जमविलेलीं असतात. आम्हांस त्या कोष्टकांचें फारसें कांहीं करतां येत नाहीं. आम्ही वाङ्मयाचे शिक्षक. खातें जोरदार कीं कमजोर याचा पुरावा आम्ही शोधणार तो लेखकाच्या वाक्यांत. आणि अशा तपासणीस एक लेखक फार सोयीचा आहे, कारण तो एकामागून एक तीन संस्थांत शिकला, आणि त्याच्या वाक्यांवरून कोणाकोणाचा हात फिरला याची नोंद शिल्लक राहिली आहे.

तो लेखक म्हणजे रेमंड कार्व्हर (१९३८–१९८८). ऑरेगनमध्यें जन्मलेला, वॉशिंग्टन राज्यांतील याकिमा या गांवीं वाढलेला. बाप लांकडाच्या गिरणींत कामाला. एकोणिसाव्या वर्षीं लग्न झालें आणि विसाव्या वर्षीं तो दोन मुलांचा बाप होता. १९५८ सालीं कॅलिफोर्नियांत येऊन त्यानें चिको स्टेट कॉलेजांत नांव घातलें. १८८७ सालीं शिक्षक तयार करण्यासाठीं निघालेली ही संस्था. लेखनासाठीं प्रसिद्ध म्हणून तिचें नांव त्या काळीं कोणी घेतलें नसतें. १९५९ सालीं तेथें जॉन गार्डनर नांवाचा सव्वीस वर्षांचा एक अध्यापक आला, आणि कार्व्हर त्याच्या लेखनाच्या वर्गांत बसूं लागला. गार्डनरची पहिली कादंबरी प्रसिद्ध व्हावयास अजून सात वर्षें अवकाश होता. म्हणजे एका अप्रसिद्ध कॉलेजांतील एक अप्रसिद्ध मास्तर, यापलीकडे कोष्टकांत त्याची नोंद झाली नसती.

या वर्गाचें वर्णन कार्व्हरनें पुढें गार्डनरच्या 'ऑन बिकमिंग अ नॉव्हेलिस्ट' या १९८३ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत केलें आहे. शिष्यानें गुरूविषयीं लिहिलेल्या गद्याचा इतका निर्मळ नमुना आमच्या वाचनांत क्वचितच आला आहे. त्यांत भक्तीचा फुलोरा नाहीं. गार्डनरचे काळे, कडक कपडे, एकाद्या पाद्र्यासारखा किंवा गुप्त पोलिसासारखा वेष, रेडिओसुद्धां नसलेली काळी मोटार, वर्गांत सिगारेटी ओढतां ओढतां कचऱ्याच्या पत्र्याच्या टोपलीचें केलेलें रक्षापात्र, अशा बारीकसारीक वस्तूंतून तो मास्तर समोर उभा राहतो. शिकविण्याची रीत सांगतांनाहि हाच संयम आहे. साऱ्या सत्रांत विद्यार्थ्यानें एकच कथा लिहावयाची, दहा-पंधरा पानांची. पण ती पुन्हा पुन्हा, दहा वेळांपर्यंत, लिहावयाची. त्या प्रत्येक खेपेला गार्डनर ती शब्दाशब्दानें वाचीत असे. स्वल्पविरामावर चर्चा चाले, आणि ती अशी कीं जणूं त्या घटकेला जगांत दुसरें महत्त्वाचें कांहीं नाहीं. फॉकनर मिळेल तेवढा वाचा, आणि मग त्याचा अंमल उतरावा म्हणून हेमिंग्वे सगळा वाचा, असा त्याचा एक काढा होता; आम्हीं तो आमच्या विद्यार्थ्यांना देऊन पाहिला आहे, गुण येतो.

परंतु सर्वांत मोलाची माहिती आहे ती त्याच्या खुणांविषयीं. गार्डनर विद्यार्थ्याच्या पानावर कांहीं शब्द, कांहीं वाक्यें सरळ खोडून टाकी. त्यांच्याबद्दल वाद चालत नसे. दुसरीं कांहीं वाक्यें तो कंसांत घाली. कंसांतील मजकुराविषयीं बोलणें होऊं शके. विद्यार्थ्यानें आपली बाजू मांडावी, पटली तर वाक्य राहील. आणि जेथें चांगलें साधलें असेल तेथें समासांत 'छान' असा एकादा शब्द तो लिही. आम्हांला वाटतें, लेखनाच्या शिक्षकाची सारी योग्यता या दुसऱ्या खुणेंत, म्हणजे त्या कंसांत आहे. नुसतें खोडणारे पुष्कळ असतात. नुसतें 'छान' म्हणणारे तर त्याहून अधिक, आणि आपल्या साहित्यशिबिरांतून त्यांचीच चलती असते. 'हें मला खटकतें, पण तुझें म्हणणें काय आहें तें सांग,' असें पानापानावर म्हणावयास वेळ लागतो, आणि स्वतःच्या मताबद्दल थोडी अनासक्ति लागते.

आणखी एक गोष्ट गार्डनरनें केली. दोन लहान मुलांच्या घरांत कार्व्हरला लिहावयास जागा नव्हती, तेव्हां त्यानें आपल्या कॉलेजांतील खोलीची किल्ली त्याला दिली. शनिवार-रविवारीं कार्व्हर तेथें जाऊन बसे. त्या खोलींत गार्डनरच्या अप्रकाशित हस्तलिखितांचीं खोकीं होतीं. शिष्यानें तीं चाळलीं. इतकेंच नव्हे तर त्यांतील कथांचे मथळे थोडेसे फिरवून आपल्या कथांना दिले आणि त्या कथा गुरूपुढें ठेवल्या. मग सभ्यतेच्या प्राथमिक नियमांविषयीं एक लहानसें व्याख्यान ऐकून घ्यावें लागलें. किल्ली मात्र परत मागितल्याचें कार्व्हरनें लिहिलेलें नाहीं. कोणत्याहि खात्याच्या माहितीपत्रकांत अशी किल्ली छापलेली नसते.

असें असून १९६० सालीं, पुरती दोन वर्षें गार्डनर अजून तेथेंच असणार असतांना, कार्व्हरनें चिको सोडलें. उत्तर कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठीं आर्केटा येथील हंबोल्ट स्टेट कॉलेजांत तो गेला. संसाराची ओढाताण चालूच होती. कॉलेज निवडण्याची चैन त्याला कितपत परवडत होती हा प्रश्नच आहे. तेथेंहि त्याला रिचर्ड डे हा आस्थेनें वाचणारा शिक्षक मिळाला. कॉलेजच्या 'टोयॉन' या मासिकाचा एक अंक त्यानें संपादिला. त्याच्या कथा-कविता लहान लहान नियतकालिकांतून येऊं लागल्या. १९६३ सालीं तो पदवीधर झाला आणि मग मात्र, ज्याला आमचे पालक 'सर्वांत जोरदार खातें' म्हणतील तेथें, आयोवाच्या कार्यशाळेंत, त्याला प्रवेश आणि थोडी शिष्यवृत्तीहि मिळाली.

आयोवांत तो एक वर्ष टिकला. पदवी न घेतांच कुटुंब कॅलिफोर्नियाला परतलें, आणि पुढें सॅक्रामेंटो येथील एका इस्पितळांत त्यानें रात्रपाळीचा झाडूवाला म्हणून काम केलें. काम दोन-तीन तासांत उरकत असे. दिवस लिहिण्यास मोकळा राही. ज्या कथेनें त्याच्याकडे प्रथम लक्ष गेलें, ती 'विल यू प्लीज बी क्वाएट, प्लीज?' १९६७ सालच्या उत्कृष्ट अमेरिकन कथांच्या वार्षिक संग्रहांत आली, ती याच काळांत. पुढें १९७३ सालीं तो आयोवांत परत गेला, या वेळीं शिक्षक म्हणून. सोबतीला जॉन चीव्हर होता, आणि उभयतांनीं तेथें मद्यपानाखेरीज फारसें कांहीं केलें नाहीं असें त्यानेंच नंतर सांगितलें आहे. त्या सत्राच्या विद्यार्थ्यांनीं कोणतीं कोष्टकें पाहून प्रवेश घेतला होता, कोण जाणे.

यावरून आयोवाला नांवें ठेवावीं असा आमचा हेतु नाहीं. तेंच खातें फ्लॅनरी ओकॉनर या जॉर्जियांतील मुलीला पुरेपूर लाभलें. १९४५ सालीं ती तेथें गेली ती वृत्तपत्रविद्येची शिष्यवृत्ति घेऊन. पण लवकरच पॉल एंगल यांच्या खोलींत जाऊन उभी राहिली. तिचे दक्षिणी उच्चार एंगलना कळेनात, तेव्हां त्यांनीं तिला काय हवें तें कागदावर लिहावयास सांगितलें. आपण वृत्तपत्रकार नव्हे, कार्यशाळेंत घेतां काय, अशा अर्थाचा मजकूर तिनें लिहून दिला, आणि १९४७ सालीं कथांचा संग्रह प्रबंध म्हणून देऊन ती पदवी घेऊन बाहेर पडली. हाहि एक बदलच. फक्त गांव न सोडतां, एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत केलेला. कार्व्हर आणि ओकॉनर यांत फरक कसला? प्रतिभेचा नव्हे. ती एकटी होती, सकाळीं लिहावयास मोकळी होती. त्याला घरभाडें होतें, दोन मुलें होतीं, आणि बायको कामाला जाऊन घर चालवीत होती. खातें जोरदार आहे काय, हा प्रश्न कोणासाठीं जोरदार, असा विचारल्याखेरीज निरर्थक आहे. आणि त्याच्या उत्तराचा निम्मा भाग पैशांचा असतो, हें मध्यमवर्गीय वाचकांना आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

आतां त्या वाक्यांकडे येऊं. गार्डनर सांगे, पंचवीस शब्दांनीं जें सांगतां येतें तें पंधरांत सांग. पुढें भेटलेला संपादक गॉर्डन लिश म्हणे, पंधरा कशाला, पांचांत सांग. हा हिशेब कार्व्हरनेंच मांडला आहे, आणि पुष्कळ टीकाकारांनीं तो एका सरळ रेषेसारखा वाचला आहे: गार्डनरनें सुरू केलेलें काम लिशनें पुरें केलें. आम्हांस हें वाचन मान्य नाहीं. १९८१ सालच्या 'व्हॉट वुइ टॉक अबाउट व्हेन वुइ टॉक अबाउट लव्ह' या संग्रहांत 'द बाथ' नांवाची कथा आहे. वाढदिवसाच्या दिवशीं शाळेंत जातांना मुलाला मोटारीचा धक्का लागतो. तो इस्पितळांत निश्चेष्ट पडून आहे. आईनें त्याच्यासाठीं सांगून ठेवलेला केक कोणी नेला नाहीं म्हणून चिडलेला बेकरीवाला घरीं फोन करीत राहतो. आंघोळीसाठीं क्षणभर घरीं आलेली आई फोन उचलते, पलीकडून मुलाचें नांव उच्चारलें जातें, आणि कथा तेथेंच तुटते. वाचक गारठून जातो, हें खरें. पण कार्व्हरनें लिहिलेली कथा ही नव्हती. ती लिशनें कापून एक-चतुर्थांशाच्या आसपास आणली होती. संग्रह छापावयास जाण्याआधीं, ८ जुलै १९८० रोजीं, कार्व्हरनें लिशला काकुळतीचें पत्र लिहून छपाई थांबविण्याची विनंति केली. ती थांबली नाहीं.

१९८३ सालच्या 'कथीड्रल' या संग्रहांत त्यानें तीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' या नांवानें पुन्हा पूर्ण करून छापली. येथें मूल मरतें. फोन करणारा कोण हें कळल्यावर आईबाप मध्यरात्रीं संतापानें बेकरींत जातात. बेकरीवाल्याला काय झालें तें समजतें, तो क्षमा मागतो, खुर्च्या मांडतो, भट्टींतून नुकतेच काढलेले गरम पाव आणि कॉफी त्यांच्यापुढें ठेवतो, आणि उजाडेपर्यंत तीं तिघें बोलत बसतात. आम्हीं या दोन्ही कथा वर्गांत वाचून दाखविल्या आहेत. हुषार मुलांना बहुधा पहिली आवडते. ती आधुनिक दिसते. दुसरीच्या शेवटाला तीं भावविवश म्हणतात. परंतु तो पाव भावविवशतेचा नव्हे. दुःखाच्या घरांत शेजारी पिठलें-भात आणून देतात आणि 'चार घांस खा' म्हणतात, त्यावेळीं कोणीहि तत्त्वज्ञान बोलत नसतो. कार्व्हरलाहि तेवढेंच म्हणावयाचें आहे, आणि तें म्हणण्यास त्याला पांच शब्द पुरत नव्हते. गार्डनरच्या पंधरा शब्दांत हा पाव मावतो. लिशच्या पांचांत तो मावत नाहीं. एकाच्या खुणांत कंस होता, दुसऱ्याच्या खुणांत तो नव्हता, असेंच आम्हांला या दोन कथा शेजारीं ठेवतांना वाटतें. लिशनें कार्व्हरला कीर्ति दिली, हें आम्ही नाकारीत नाहीं. आणि कांहीं कथांत त्याची कात्री अचूक चालली आहे, हेंहि खरें.

ओकॉनरच्या बाबतींतहि असा प्रसंग आला होता. १९४९ सालीं पहिल्या कादंबरीच्या हस्तलिखितावर प्रकाशन-संस्थेच्या संपादकानें तिला बरेंच कांहीं सुचविलें. तिनें तें मानलें नाहीं, आणि 'वाइज ब्लड' १९५२ सालीं दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाली. तिला नाहीं म्हणतां आलें, कार्व्हरला वेळेवर म्हणतां आलें नाहीं. हें एक कौशल्यच आहे, आणि कार्यशाळेंत शिकावयाच्या गोष्टींत तें बहुधा पहिलें धरावें.

गुरूच्या शोधांत कॉलेज बदलण्याची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर डोना टार्टची कादंबरी आहे. ही बाई १९८१ सालीं मिसिसिपी विद्यापीठांत शिकूं लागली. पहिल्याच वर्षीं बॅरी हॅना यानें तिला पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कथालेखनाच्या वर्गांत घेतलें, आणि तेथील जाणत्या लेखकांच्याच सल्ल्यानें १९८२ सालीं ती व्हरमाँटमधील बेनिंग्टन कॉलेजांत गेली. जोरदार खात्यासाठीं कॉलेज बदलल्याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण. तेथें तिनें अभ्यास मात्र केला तो प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा. आणि तेथेंच लिहावयास घेतलेली, १९९२ सालीं प्रसिद्ध झालेली 'द सीक्रेट हिस्टरी' ही कादंबरी आहे कॉलेज बदलून आलेल्या एका मुलाविषयीं. कॅलिफोर्नियांतील एका कंटाळवाण्या गांवांतून रिचर्ड हा मुलगा हॅम्पडेन कॉलेजच्या माहितीपत्रकांतील चित्रांना भुलून तेथें येतो, आणि ज्यूलियन मॉरो या ग्रीकच्या प्राध्यापकाच्या पांच निवडक विद्यार्थ्यांत शिरण्यासाठीं बाकीच्या जवळजवळ सर्व शिक्षकांना सोडतो. पुढें खून होतो, हें लेखिका आरंभींच सांगते, म्हणून आम्हींहि सांगितलें. खुनापेक्षां आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें ज्यूलियनचें वर्तन: तो मोहक आहे, विद्वान् आहे, उदारहि आहे, आणि बिकट प्रसंग येतांच विद्यार्थ्यांना टाकून निघून जातो. कादंबरी शेवटच्या तृतीयांशांत लांबते, आणि तिच्यांतील तरुण मंडळी कधीं कधीं लेखिकेलाच इतकीं सुंदर वाटूं लागतात कीं वाचकाला कंटाळा येतो. तरी ज्यूलियनचें चित्र विसरतां येत नाहीं.

पालक पुन्हा विचारतील, मग मुलाला जाऊं द्यावें कीं नाहीं? त्याच्या आजच्या कॉलेजांत त्याचें पान शब्दाशब्दानें वाचणारा एकहि माणूस नसेल, तर जाऊं द्यावें, श्रेयांकांपैकीं कांहीं बुडाले तरी जाऊं द्यावें. परंतु जाण्यापूर्वीं नव्या खात्याला विचारावें कीं, वर्गांत किती मुलें असतात, एकच कथा किती वेळां परत येते, आणि ज्याच्या नांवासाठीं आपण येत आहों तो गृहस्थ पुढील वर्षीं तेथें असेल काय. गार्डनरनें १९६२ सालीं चिको सोडलें. पुढें सॅन फ्रान्सिस्को, इलिनॉय, बेनिंग्टन, बिंगहॅम्टन अशा अनेक ठिकाणीं तो शिकवीत फिरला, आणि १९८२ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत गेला. तो स्वतःहि विद्यार्थिदशेंत डेपॉ विद्यापीठ सोडून सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठांत गेलेला होता.

ज्यांना हा वाद स्वतःच्या डोळ्यांनीं तपासावयाचा असेल त्यांच्यासाठीं २००९ सालीं 'लायब्ररी ऑफ अमेरिका'नें काढलेला कार्व्हरच्या कथांचा खंड आहे. त्यांत लिशनें कापलेला १९८१ चा संग्रह आणि त्याचें मूळ हस्तलिखित, 'बिगिनर्स' या नांवानें, दोन्ही एकाच बांधणींत मिळतात. आधीं गार्डनरच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचावी, मग 'द बाथ', आणि मग त्याच खंडांतील मूळ कथा. हातांत पेन्सिल असली तर फार बरें.